अर्ज स्वीकारले शून्य, परत अठ्ठावन्न

२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.४०

आज विभागप्रमुख मॅडमनी मला विद्यार्थी संशोधन कक्षाचा प्रभारी केलं. अखेर. तेवीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून बीकर विसळल्यावर या विद्यापीठात कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला.

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. माझ्याआधी तीन प्राध्यापकांना विचारून झालं होतं. एकांची पाठ दुखते. दुसऱ्यांना परिषदेला जायचंय. तिसऱ्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. म्हणजे तिघांनीही आपापली कुवत प्रामाणिकपणे ओळखली. मॅडम म्हणाल्या, आता तुम्हीच उरलात. 'उरलात' म्हणताना आवाजात केवढा विश्वास होता.

माझं शिक्षण बारावी. पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर. संशोधनपद्धतीवरची चौदा पुस्तकं वाचली, त्यातली दोन समासात टिपा लिहीत. (ग्रंथालयाची होती. ग्रंथपालांना अजून कळलेलं नाही.) सदतीस पीएच.डी. प्रबंधांच्या संदर्भयाद्या मी तपासून दिल्या. ते सदतीसच्या सदतीस आज डॉक्टर आहेत. जिन्यात ओळख दाखवणारे दोन.

अट एकच आहे. ३१ ऑगस्टपर्यंत किमान वीस विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी नाव नोंदवायला हवं. नाही नोंदवलं तर कक्ष बंद, खोली क्रमांक १४ कॅन्टीनला, आणि मी परीक्षा विभागाच्या गोदामात, कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला. मॅडमनी हे जरा दबकतच सांगितलं. मला हसू आलं. वीस? दोनशे आले तर खुर्च्या कुठून आणायच्या, ही माझी चिंता आहे.

संध्याकाळी ७: बायकोला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे मुलांशी तुम्ही बोलणार? मी हो म्हटलं. मग ती उठून देवापुढे दिवा लावून आली. आनंदात माणसाला आधी देव आठवतो.

३ ऑगस्ट

खोली मोजली. बावीस फूट बाय सोळा. टेबलं चार, त्यातलं एक डुगडुगतं. दाराला खिडकी कापून घेतली, म्हणजे मुलं बाहेर, मी आत. सुताराने विचारलं, खिडकी कशाला, दार उघडंच ठेवा की. सुतारकी करून माणूस सल्लागार होत नाही.

४ ऑगस्ट. दुपारी ३

अर्जाचा नमुना तयार. अकरा पानं. सोबत जोडायची कागदपत्रं सात. मॅडमनी वजन करावं तसा तो हातात तोलला आणि म्हणाल्या, एका पानात नाही का भागणार? मॅडम हुशार आहेत. पण डिग्र्या घेतलेल्या माणसाला फॉर्मची जाण नसते, हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव.

वैशिष्ट्यं: डावा समास दीड इंच. स्टेपल वरच्या डाव्या कोपऱ्यात, तिरकी, पंचेचाळीस अंशांत. शाई निळी, सही मात्र काळी. लागू नसेल तिथे रेघ मारायची नाही, 'लागू नाही' असं अक्षरांत लिहायचं. आईवडिलांचं संमतिपत्र. वर्गशिक्षकांचं शिफारसपत्र. मन लावून काम करीन, असं प्रतिज्ञापत्र.

आवक-परत नोंदवही आखली. दोनशे पानं, स्वतः, तीन रंगांत. रकाने: तारीख, वेळ, नाव, वर्ग, स्वीकारला की परत, परत असल्यास कारण. 'स्वीकारला' हा रकाना रुंद ठेवलाय.

६ ऑगस्ट, शुक्रवार

भित्तिपत्रक लावलं. शीर्षक: 'संशोधन: एक आवाहन, त्यामागची भूमिका, पात्रता, अपात्रता व शिस्त'. शब्द एक हजार एकशे चाळीस. अक्षर बारीक झालं, पण ज्याला तळमळ आहे तो वाकून वाचेल.

जागा पाण्याच्या कूलरजवळ. परिणाम मोजायला समोरच्या खांबाआड उभा राहिलो, ११ ते १२. गेले शहाऐंशी. बघितलं नऊ जणांनी. शेवटपर्यंत वाचलं एकाने. तो कूलर दुरुस्त करायला आला होता. त्याने एक शब्द राहून गेल्याचं दाखवलं. आजकाल कुणीही उठून दोष काढतं.

९ ऑगस्ट, सोमवार

उद्घाटन. दहा वाजता खिडकी उघडली आणि रांग. खोटं कशाला लिहू, गहिवरून आलं.

आले सात. परत सात.

दोघांच्या स्टेपल आडव्या. एकाचा समास सव्वा इंच (पट्टी लावून दाखवला). एकीच्या फोटोत मागे पडदा. एकाने अर्ज घडी घालून आणला, जणू सिनेमाचं तिकीट. उरलेल्या दोघांनी सही निळ्यात. प्रत्येकाला कारण नीट समजावून सांगितलं, सरासरी नऊ मिनिटं. एक जण निघताना मित्राला म्हणाला की पासपोर्ट यापेक्षा लवकर निघाला होता. त्याचंही नाव वहीत आहे.

पहिल्याच दिवशी दर्जाचा धाक बसला. हे महत्त्वाचं.

१० ऑगस्ट

आज एक मुलगी आली. दुसरं वर्ष, खांद्यावर कापडी पिशवी. समास, स्टेपल, शाई, फोटो, सगळं बिनचूक. मी पान उलटत होतो आणि माझीच धाकधूक वाढत होती. सातव्या पानावर सापडलं. 'लागू नाही'ऐवजी रेघ.

तिने विचारलं, रेघ का नको? मी सांगितलं, नियम. तिने विचारलं, नियम कुणी केला? मी सांगितलं, कक्षाने. कक्ष म्हणजे कोण? मी म्हटलं, हे बघ, खिडकीवर 'का' आणि 'कोण' विचारायचं नसतं, मागे रांग आहे. ती मागे वळून बघायला लागली. रांग नव्हती, पण तत्त्व म्हणून सांगितलं.

नाव लिहून घेतलं. मनातल्या मनात तिचं नाव मी सतराशेसाठ ठेवलंय. प्रश्न तेवढे. अशी मुलं संशोधनाला फार उपयोगाची नसतात.

१३ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ६

प्रेरणादायी व्याख्यान झालं. विषय: 'तरुणांनो, संशोधनाकडे वळा.' वक्ता मी. मोठं सभागृह.

आरंभी बासष्ट जण. (हजेरी दारातच घेतली होती, ही माझी युक्ती.) वेळ दोन तास दहा मिनिटं. संशोधनाच्या चौदा व्याख्या सांगितल्या, प्रत्येकीतली उणीव दाखवली, आणि पंधरावी माझी. शेवटी चार उरले. एक झोपला होता. एकाचा फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला. एक सभागृहाला कुलूप लावणारे शिपाई मामा. चौथी सतराशेसाठ.

मी म्हटलं, शंका असतील तर विचारा. तिने विचारलं, तुम्ही स्वतः कशावर संशोधन केलंय, काका?

मला 'सर' म्हणायला हवं, एवढं तिला सांगितलं. तोवर मामांनी दिवे घालवायला सुरुवात केली.

अठ्ठावन्न जण मध्येच उठून गेले, म्हणजे तेवढ्यांवर व्याख्यानाचा परिणाम लवकर झाला.

१७ ऑगस्ट, मंगळवार

आजवर परत एकोणचाळीस. स्वीकारले शून्य.

मॅडमनी बोलावलं. शून्य या आकड्याकडे त्या जरा वेळ बघत बसल्या. मी सांगितलं की हा दर्जा आहे. त्यांनी विचारलं, मुलं येतच नाहीत का? मी म्हटलं, येतात, पण येणं आणि असणं यात फरक आहे. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं आणि चौदा दिवस उरल्याची आठवण करून दिली. त्यांचा आवाज मवाळ होता. ताण त्यांनाही आहे. माझ्या उंचीच्या माणसाबरोबर काम करणं सोपं नाही.

घरी जेवताना सांगितलं की आजची पिढीच निरुत्साही आहे, पालथ्या घड्यावर पाणी. बायको म्हणाली, आपल्या मुलीलाही तुम्ही सायकल शिकवायच्या आधी सायकलचे भाग पाठ करायला लावले होते. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, ती अजून चालतच जाते.

संदर्भ कळला नाही.

१८ ऑगस्ट. पहाटे ५.३०

कल्पना. हा प्रश्नच संशोधनाचा आहे. विद्यार्थी संशोधनाकडे का वळत नाहीत? यावर मीच संशोधन करणार. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या संदर्भयाद्या तपासल्या, आता माझ्या नावाची यादी होईल. काट्याने काटा.

दुपारी: प्रश्नावली तयार. प्रश्न चौऱ्याऐंशी. पहिला: 'आपल्यात जिद्दीचा अभाव आहे, हे आपल्याला कधी लक्षात आलं?' पर्याय चार. 'अभाव नाही' हा पर्याय ठेवलेला नाही, गोंधळ होतो.

संध्याकाळी: वाटल्या दीडशे. भरून आल्या तीन. एकीवर फक्त बोटीचं चित्र. बोट मात्र चांगली होती.

२१ ऑगस्ट, शनिवार

परत अठ्ठावन्न. आज कुणीच आलं नाही. फक्त सतराशेसाठ, चौथ्यांदा. या वेळी तिच्या हातात अर्ज नव्हता. म्हणाली की मुलं संशोधनाकडे का वळत नाहीत, यावरच तिला काम करायचंय, आणि तुमची नोंदवही बघायला मिळेल का?

पेन खाली ठेवलं. तेवीस वर्षांत माझ्या कुठल्याही नोंदवहीबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं. वह्या मी लिहितो, कपाटात जातात, कपाट भरलं की रद्दीत जातात.

तिला आत घेतलं. खोलीत आलेली ती पहिली विद्यार्थिनी. (अर्ज अजून परतच आहे. हे अनौपचारिक.) अटी सांगितल्या: हात धुऊन, पानाला थुंकी लावायची नाही, पेन्सिलीनेच टिपणं. तिने सगळं निमूट ऐकलं. अडीच तास बसली. मध्येच म्हणाली, काका, तुम्ही मिनिटसुद्धा लिहिलंय. मी म्हटलं, दहा वाजून सतरा आणि दहा वाजून अठरा यात एक अख्खं मिनिट असतं. ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

मग तिने विचारलं, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे? एक तास वीस मिनिटं सांगितलं. ती ऐकत होती. अशी मुलगी मार्गदर्शनाखाली असली तर माझं संशोधन लवकर होईल.

२३ ऑगस्ट, सोमवार

सतराशेसाठने आलेख आणला. नीट काढलाय, पण आडव्या अक्षावर शीर्षक नाही, ते दाखवून दिलं. पाच खांब: घरचा विरोध, वेळ नाही, विषय आवडत नाही, माहिती नाही, आणि खिडकी. पहिले चार जमिनीलाच. खिडकीचा खांब पानाच्या टोकापर्यंत.

अर्थ उघड आहे. सर्वांत जास्त काम खिडकीवर होतं.

ती उगाचच घुटमळत होती. म्हणाली, काका, हा आकडा तुम्ही नीट बघितलात ना? मी बेरीज दोनदा केली. स्टेपल सोळा, समास बारा, फोटो नऊ, शाई आठ, 'लागू नाही' सात, इतर सहा. अठ्ठावन्न. बिनचूक, म्हणून सांगितलं. तिने आलेख गुंडाळला, उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. मुली या वयात लाजतात.

२४ ऑगस्ट. रात्री नव्हे, संध्याकाळी ७. झोपून लिहितोय.

डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालायला वाकलो. घडी बरोबर बसली. मी उठलो नाही. मामांनी आणि दोन मुलांनी उचलून रिक्षात घातलं. त्या दोघांचेही अर्ज मी परत केले होते, पण उचलताना त्यांनी तो विषय काढला नाही. डॉक्टरांनी तीन दिवस अंथरुणातून हलू नका म्हणून बजावलंय.

ऐन शेवटच्या आठवड्यात. खिडकी मामांकडे सोपवली. लेखी सूचना दिल्या, चार पानं.

२६ ऑगस्ट. अंथरुणातून

मामांना फोन केला. सगळं ठीक आहे म्हणाले. पाठीमागे गलका ऐकू येत होता. कसला आवाज, विचारलं. म्हणाले, मुलांचा. कॅन्टीनवाले आत्ताच खोली बघून जात असणार. वासे मोजायला पाहुणे हजर.

बायकोने पाठ शेकली. डबे, बरण्या, कपाटातल्या चादरी, सगळं मी अंथरुणातून तिला नीट लावायला सांगितलं. तिने डॉक्टरांना विचारलं, तीन दिवसांचे दोन होतील का.

२८ ऑगस्ट, शनिवार

कामावर हजर. टेबलावर अर्जांचा गठ्ठा. स्वीकारलेले. त्रेचाळीस.

मामांना विचारलं, हे काय? म्हणाले, मुलं देत होती, मी घेत होतो. सूचना? चष्मा घरी राहिला होता. आणि मग शांतपणे म्हणाले, भाऊ, घेऊ नको असं कुठं लिहिलं होतं का? लिहिलं होतं. पान तीन, परिच्छेद दोन. पण ज्याने चष्माच आणला नाही त्याला परिच्छेद काय दाखवणार.

वहीत ताडून बघितलं. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस माझेच जुने, परत पाठवलेले. दोन नवे. इतक्या सगळ्यांना एकदम कुणी कळवलं, हे गूढ आहे. बहुधा भित्तिपत्रकाचा परिणाम उशिरा सुरू झाला. यादीत पहिलं नाव सतराशेसाठचं. ती त्या तीन दिवसांत मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसली होती म्हणे.

दुपारी ४: तपासून झाले. त्रेचाळीस अर्ज, दोनशे बारा चुका. एका पठ्ठ्याने स्टेपलच मारलेली नाही, टाचणी लावलीय. टाचणी.

निर्णय घेतला. सोमवारी सगळे परत. अर्ज परत केल्याच्या त्रेचाळीस पावत्या लिहायला घेतल्या.

घरी बायकोने विचारलं, परत केले तर किती राहतात? मी म्हटलं, शून्य. मग तुमचं काय? मी म्हटलं, गोदाम. पण गोदामात जाणारा माणूस ताठ मानेने जाईल. (पाठीमुळे मान सध्या ताठच आहे.) तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"अहो, एखादी चूक राहू द्या की कुणाची तरी," ती म्हणाली. "आपल्या घरात चालतातच ना."

कुणाच्या चुका चालतात, ते तिने स्पष्ट केलं नाही.

३० ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.५०

पावत्या पूर्ण. अनुक्रमांक टाकलेत. एक ते त्रेचाळीस. सव्वाअकराला सूचनाफलकावर लावणार. साडेदहाला विभागाची बैठक आहे, सतराशेसाठ आमच्या संशोधनाचं सादरीकरण करणार आहे. मॅडमनी तिचा अर्ज बघून परस्पर तिला वेळ दिली. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलोय. आभारप्रदर्शनात नाव येणार.

३० ऑगस्ट. दुपारी ४.२०

नोंद करायची म्हणून करतो.

पहिली रांग, मधली खुर्ची. सगळे प्राध्यापक होते, पाठ दुखणारेसुद्धा. मागे मुलं, बरीच उभी. सतराशेसाठ जराही अडखळली नाही. आडव्या अक्षाला शीर्षक होतं. मी शेजारच्या प्राध्यापकांना हळूच सांगितलं की ते माझ्या सूचनेवरून.

मग ती म्हणाली, "मुलं संशोधनाकडे वळत नाहीत, असं आपण म्हणतो. एक्केचाळीस जण वळले होते. काही दोनदा आले, काही तीनदा. त्यांचे अठ्ठावन्न अर्ज खिडकीवरून परत गेले. रस नव्हता म्हणून एकही नाही."

पडद्यावर स्टेपल सोळा, समास बारा, फोटो नऊ. कुणीतरी मागे हसलं. ती थांबली आणि हसणाऱ्याकडे बघत राहिली, तो गप्प होईपर्यंत.

शेवटच्या स्लाईडवर तीनच ओळी. खिडकी तीच. मुलं तीच. तीन दिवसांत त्रेचाळीस.

"हे कळलं ते एका नोंदवहीमुळे," ती म्हणाली. "इतकी खरी वही मी बघितलेली नाही. आपल्याला अडचणीची होईल अशी एकही नोंद काकांनी लपवलेली नाही."

टाळ्या झाल्या. मी उठून उभा राहिलो आणि मान लववली. मागे वळून सगळ्यांना हात जोडले. टाळ्या थांबल्या. मी उभाच होतो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणाचाही चेहरा अभिनंदनाचा नव्हता. कुणासाठी वाईट वाटलं की लोकांचा चेहरा असा होतो.

मग खाली बसलो. पाठीमुळे वेळ लागला.

सव्वाअकरा वाजून गेले. पावत्या लावल्या नाहीत. सूचनाफलकाच्या काचेची किल्ली मिळाली नाही.

(किल्ली माझ्या खिशात होती. हे मी माझ्यापुरतं लिहितोय.)

३१ ऑगस्ट, मंगळवार

पावत्यांवर तारीख ३० ची पडली होती, त्यामुळे त्या आज नियमाने बाद. फाडल्या. म्हणजे नोंदणी त्रेचाळीस कायम. वीसची अट दुपटीहून जास्त पूर्ण. खोली वाचली. प्रभारी मी होतो, हे कागदोपत्री आहे.

मॅडमनी बोलावलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाल्या, कक्ष आता मुलंच चालवतील, आणि परीक्षा विभागाला काटेकोर माणूस हवाय. मी विचारलं, अट पूर्ण झाली ना? त्या म्हणाल्या, झाली. आणि कप माझ्यापुढे सरकवला. चहात साखर जास्त होती. बोललो नाही.

थोडक्यात, माझ्या काटेकोरपणाची दखल घेऊन माझी मागणी झाली आहे.

खोली १४ ची किल्ली सतराशेसाठकडे दिली. तिला म्हटलं, सादरीकरण छान झालं, फक्त तिसऱ्या स्लाईडवर टक्केवारीची बेरीज नव्याण्णव येते. ती म्हणाली, हो काका, मला वाटलंच होतं, तुमच्या लक्षात येईल. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. खोलीत धूळ असते.

१ सप्टेंबर

गोदाम. तळमजला. खिडकी नाही. गठ्ठे चार हजार. मोजायला घेतले.

४ सप्टेंबर

मोजतोय.

९ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

गोदाम पाचला बंद होतं. पाच दहाला खोली १४ पाशी गेलो. माझी एक पट्टी तिथे राहिली होती, म्हणून. (पट्टी घरी आहे.)

दार सताड उघडं. खिडकीवर त्यांनी आतून नकाशा चिकटवलाय. आत खुर्च्या कमी आणि मुलं जास्त, काही जमिनीवर बसलेली. दोघं कसल्याशा भिजवलेल्या कापडाचं वजन करत होते आणि भांडत होते. ज्याने टाचणी लावली होती, तो फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहून पुसत होता. डुगडुगतं टेबल डुगडुगत होतं.

नवीन नावं घेणं चालू होतं. मी रांगेत उभा राहिलो. सतरावा. पुढच्या मुलाने वळून विचारलं, काका, तुम्ही पण? मी म्हटलं, बघू.

फॉर्म एक पानी. चारच ओळी. पहिली नाव. दुसरी वर्ग, तिथे 'बारावी, पुढे स्वतः' असं लिहिलं. तिसरी फोन नंबर.

चौथी ओळ: तुम्हाला काय शोधून काढायचंय?

माझ्या अकरा पानी अर्जात हा प्रश्न नव्हता. तेव्हा गरजेचा वाटला नव्हता.

कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी झाली, तिथे बसलो. चौदा पुस्तकं आठवली. चौदा व्याख्या क्रमाने आठवल्या, पंधरावीसुद्धा. सदतीस प्रबंधांचे सदतीस विषय आठवले. माझा एकही आठवेना. पंचवीस मिनिटं गेली. पेन निळं होतं, समास सोडलेला होता, ओळ कोरीच.

उठून कागद सतराशेसाठच्या हातात दिला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी तिला सांगितलं की नियमाप्रमाणे हा परत करायला हवा.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "सुचलं की लिहा." आणि कागद गठ्ठ्यावर ठेवून तिने रांगेतल्या पुढच्याला बोलावलं.